रिकामा वीरगळ

शिवतेजच्या स्मारकासाठी गावानं भैरोबाच्या देवळामागचा माळ दिला. पाटणच्या वरच्या अंगाला, जिथून कोयनेचं पाणी लांबवर चमकताना दिसतं, तिथं जुन्या लढायांत पडलेल्यांचे चार-पाच कोरीव दगडी वीरगळ आधीपासूनच उभे होते. पाया खणायला सुरुवात झाली त्या सकाळी सुभेदार हंबीरराव छत्री घेऊन उन्हात उभे राहिले. शालूबाई आल्या नाहीत.

या दोघांचा मुलगा लडाखला चौकीवर असताना बर्फाचा कडा कोसळला, त्याला नऊ वर्षं झाली होती. बाकीचे सापडले, शिवतेज तेवढा सापडला नाही.

"माजं लेकरू गावल्याबिगर त्येच्या नावानं धोंडा उभा करायचा न्हाई," शालूबाई म्हणाल्या होत्या. हंबीररावांनी ऐकलं नाही. लष्करात हयात गेलेल्या माणसाला नुसतं वाट बघत बसणं पटेना. तेव्हापासून नवराबायकोत कामापुरतं बोलणं उरलं होतं.

दुपारी पहार खणकन वाजली. तांबड्या मातीखाली आणखी एक वीरगळ निजला होता. तो उभा करून धुतला आणि सांगलीच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या फिरदोसला निरोप गेला. अशा दगडांचे फोटो काढत ती या भागात नेहमी फिरायची. दुसऱ्याच दिवशी ती आली.

"खालच्या चौकटीत तो कसा पडला ते दाखवतात, काका," ती दगडावरून बोट फिरवत सांगू लागली. "मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. सगळ्यात वर तो पिंडीसमोर हात जोडून बसतो. हे चंद्र-सूर्य आहेत तोवर त्याची आठवण राहणार, असा अर्थ."

बोलता बोलता ती थांबली.

खाली घोडा नव्हता, तलवार नव्हती. नुसता आडव्या रेघांचा ढीग. मधे दोन बायका हात पसरून उभ्या होत्या आणि त्यांच्यामधे कोणीच नव्हतं. वर पिंडीसमोरची जागाही कोरी होती.

"झिजलं आसंल," हंबीरराव म्हणाले.

"मग बायकाही झिजल्या असत्या. इथं छिन्नी लागलेलीच नाही. ज्याच्यासाठी केला तो बहुतेक..." तिनं त्यांच्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं.

"गावला नसंल," हंबीररावांनी ते पुरं केलं.

संध्याकाळी ही गोष्ट शालूबाईंच्या कानावर गेली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्या माळावर आल्या आणि दोन बायकांमधल्या कोऱ्या जागेवर त्यांनी तळवा टेकला.

"आवं, लय गार हाय ह्यो."

हंबीररावांनी हात लावला. उन्हानं दगड तव्यासारखा तापला होता. पायाचं काम त्यांनी त्याच दिवशी थांबवलं.

मग शालूबाई रोज दुपारी तिथं जाऊन बसू लागल्या. कुणाचं लग्न ठरलं, कुठली म्हैस व्याली, असं घरातलं काहीबाही दगडाला सांगत. हंबीरराव देवळाच्या पायरीवरून बघत राहत.

मे महिन्यात त्यांना त्या कोऱ्या जागी फुगवटा दिसला. त्यांनी बोटांनी चाचपला. फोटो काढून फिरदोसला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"कुणी छिन्नी लावली का, काका?"

"न्हाई."

"मग ऊन-सावलीचा भास असेल," ती म्हणाली, पण तिचं तिलाच पटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात खांदे दिसू लागले. मग एका अंगाला कललेली मान. दगडाखाली कपची नव्हती, चुराही नव्हता. हंबीररावांची जेवणावरची वासना उडाली. शालूबाईंना मात्र कसलंच नवल वाटत नव्हतं. एकदा ते जवळ गेले तेव्हा त्या दगडातल्या दोन बायकांशी हलक्या आवाजात बोलत होत्या.

"दमानं उचला गं. दुकंल त्येला."

ज्या दिवशी त्या बायकांचे हात त्याच्या काखेत पोचले, त्याच दुपारी पलटणीतून फोन आला. बर्फ सरकला होता. शिवतेज सापडला होता.

गाव रस्त्यावर उतरलं. सलामी झाली. शवपेटी उघडू नका असं सगळे सांगत होते, पण हंबीररावांनी ती अंगणात उघडायला लावली.

नऊ वर्षांत बाप पांढरा झाला होता. मुलगा गेला तेव्हा होता तेवढाच होता, ओठांवर मिसरूड घेऊन निजलेला.

शालूबाई रडल्या नाहीत. त्यांनी परातीत ऊन पाणी आणलं.

"बूट गोठून बसलेत, साहेब," सोबत आलेला जवान म्हणाला. "तिकडे कुणीच काढले नाहीत."

हंबीरराव खाली बसले. त्यांनी नाड्या कापल्या. बूट ओढले, मोजे उतरवले.

तळव्यांना माती होती. तांबडी, ओली. बोटांच्या बेचक्यांत, नखांत, टाचेच्या भेगांत.

जवान मागे सरकला. त्या चौकीवर अशी माती कुठंच नव्हती.

शालूबाईंनी पोराचा पाय मांडीवर घेतला.

"लय चाललास रं," त्या म्हणाल्या आणि धुऊ लागल्या.

परातीतलं पाणी तांबडं झालं. त्यांनी ते ओतलं, दुसरं घेतलं. तेही तांबडं झालं.