शनिवारच्या बातम्या आणि सप्तपदी

मी वर्गात कविता शिकवत होते आणि खिडकीतून एक काळी वायर सळसळत आत आली. मुली किंचाळल्या. पाठोपाठ शिडीवरून एक हसरा चेहरा डोकावला.

"साप नाही हो बाई... केबल आहे. धरता का जरा?"

मी धरली. तिथेच माझी वाट लागली!

तो विद्याधर. मुलुंडात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा आणि आमच्या शाळेतल्या मुलांना हौसेनं कॅमेरा शिकवायचा. सत्त्याऐंशी साली शाळेत मुलांनीच केलेल्या बातम्या सुरू झाल्या, तेव्हा प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एक टीव्हीसमोर आम्ही चाळीस मुलं कोंबायचो. दिवाळीपर्यंत केबल ओढून सहा वर्गांत टीव्ही आले आणि दर शनिवारी नववीतली सुगंधा अख्ख्या शाळेला बातम्या सांगू लागली. भाषा तपासायचं काम माझं. ते मी मागून घेतलं होतं, खोटं कशाला बोलू?

"कॅमेरा सारखा माझ्याकडे का वळतो?"

"प्रकाश बघतो... तिथेच बरा पडतो."

कॅसेटी मोजक्याच, म्हणून आम्ही जुन्यावरच नवं रेकॉर्ड करायचो. जपायच्या कॅसेटची खुंटी विद्याधर मोडून ठेवी, म्हणजे तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. पण त्या भोकावर चिकटपट्टी लावली की तीही पुन्हा वापरता येई. एका शुक्रवारी घाईघाईत मी अशीच चिकटपट्टी लावली... आणि ती निघाली विद्याधरच्या गिऱ्हाईक जानकीबाईंच्या लेकीच्या लग्नाची! त्यांनी ती घरी लावली, तर सप्तपदीत नवरीचं तिसरं पाऊल पडलं आणि एकदम सुगंधा: "नमस्कार. दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी आलं."

जानकीबाई थेट शाळेत आल्या. "माझ्या चेडवाची सप्तपदी खंय गेली? बुधवारी माझो भाव ही कॅसेट घेवन तिच्याकडे दुबईक जाता. तिका काय दाखवू, तुमचो नळ?"

मुख्याध्यापक म्हणाले, "हे निस्तरलं नाही, तर शनिवारपासून बातम्या बंद!" सुगंधा रडायच्या बेतात आली. मी तोंड उघडणार, तोच विद्याधर म्हणाला, "चूक माझी आहे सर."

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर उखडले. "माझी चूक तुम्ही का घेतलीत?"

"तुमची नोकरी आहे बाई."

"आणि ऐन लग्नसराईत तुमचं नाव खराब झालं तर?"

तो हसत केबल गुंडाळू लागला. इतका राग आला... आणि इतका आवडला!

मी तडक आत गेले. आधी चूक कबूल केली, मग म्हणाले, "जानकीबाई, चारच पावलं पुसली गेलीत ना? ती पुन्हा घेऊ. पावलांना चेहरा कुठे असतो?"

त्यांनी माझ्या पायांकडे निरखून पाहिलं. "पाय बरे आसत गो तुझे," त्या म्हणाल्या आणि लेकीची पिवळी साडी घेऊन आल्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर हॉलमध्ये तांदळाच्या चार राशी मांडल्या. सोवळं नेसलेला विद्याधर माझ्याशेजारी उभा राहिला. सुगंधा कॅमेरा घेऊन पालथी पडली. फ्रेममध्ये फक्त पावलं होती, हात धरायची काही गरजच नव्हती... त्यानं धरला. बोटं गार, तळवा ऊन. चौथं पाऊल. पाचवं. सहावं.

सातवं पडलं.

"बाई, पुन्हा घ्यायचं का? शेवटी तुमचा पाय थरथरला."

"ऱ्हवांदे," जानकीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्या चेडवाचोय थरथरलेलो."

सुगंधानं कॅमेरा बंद केला आणि बातम्या आता बंद होणार नाहीत म्हणून हॉलभर उड्या मारल्या. आम्ही मात्र तिथेच, तांदळात.

"मला पुन्हा घ्यायचंय," विद्याधर हळूच म्हणाला. "पहिल्या पावलापासून... भटजी बोलावून. चालेल, नीला?"

हात अजून त्याच्याच हातात होता. सोडवून घ्यावा असं वाटलंच नाही.

"रविवारी घरी ये," मी म्हणाले. पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. "बाबांना विचार. मी हो म्हटलंय म्हणून सांग."