जाड धाग्याची शिवण

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. बंद गाडीच्या आतून दोन थापा ऐकू आल्या.

गाडीत कोणी नव्हतं. किल्ली शिवणाऱ्याच्या खिशात होती.

भर उन्हात, रस्त्यालगतच्या एका गाळ्यासमोर हे घडलं. ज्याच्या बाबतीत घडलं तो गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो. त्याने स्वतः सांगितलं, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही. यात पदरचं काही नाही.

गाडी दोन दारांची, लाल, वेगाची. त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने जुनी घेतली होती. इंजिन ठणठणीत. खोड एकच. चालकाशेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डचं रेक्झिन फुगून वर आलं होतं. उन्हाने फुगलंय, असं विकणाऱ्याने सांगितलेलं.

सकाळी नवराबायको कापड निवडायला आले. बहिणीला चामडं हवं होतं. मेहुण्याला मखमलीसारखं लव असलेलं स्वेड, कारण चामड्याची चकाकी समोरच्या काचेत उतरते.

"तुमच्या टकलाची उतरते ती चालते का?" बहीण म्हणाली.

भाऊ हसला. म्हणाला, दोन्ही तुकडे डॅशबोर्डवर उन्हात ठेवतो, संध्याकाळी या, बघून ठरवा.

आणि आता या थापा...

त्याने दार उघडलं. आत फक्त उकाडा होता.

स्वेडचा तुकडा शेजारच्या सीटसमोर होता. स्वेडवर हात फिरवला की लव उलटी होते, खूण राहते. तिथे खूण होती.

दोन पंजे. शेजारी शेजारी. बोटं काचेकडे.

आपलाच हात लागला असेल, असं म्हणत त्याने लव पुसून सारखी केली. तुकड्यांची अदलाबदल केली. दार लावून पाठ फिरवली...

पुन्हा दोन थापा.

या वेळी पंजे चामड्यावर होते. खोल रुतलेले. तो बघत असतानाच खळगे हळूहळू भरून आले. कोणीतरी नुकतेच हात उचलावेत तसे.

त्याने पाती घेतली आणि फुगलेलं रेक्झिन कापून काढलं.

खाली आणखी एक थर होता. काळा, शिवलेला. शिवणीच्या टोकाला तीन वेढ्यांची गाठ, उजवीकडे दुमडून आत खोचलेली.

या धंद्यात अशी गाठ एकच माणूस मारतो. त्याचा हात थांबला.

अडीच वर्षांपूर्वी ही गाडी काळी होती, लाल रंग नंतरचा. चष्म्याच्या दुकानाचा मालक ती घेऊन आला होता, सोबत त्याची बायको. शेजारच्या सीटसमोर डॅशबोर्डच्या आत एअरबॅग असते. धडक बसली की ती झाकण ढकलून, वरची शिवण फाडून बाहेर येते. म्हणून तेवढ्या भागात शिवण मुद्दाम कच्ची घालायची, बारीक धाग्याची, झटक्यात तुटणारी. त्या दिवशी बारीक धाग्याचं रीळ संपलं होतं. गिऱ्हाईक बाकावर बसून होतं. त्याने जाड धागाच सरळ पुढे ओढला.

माहीत असून. शिवण दिसायलाही सुबक आली.

त्या बाईंनी नव्या डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकवून दाबून पाहिलं होतं. दोन थापा मारल्या होत्या. "काम मजबूत केलंत हं, दादा."

त्याने झाकणाभोवती बोट फिरवलं. झाकण आतून ढकललं जाऊन वाकलं होतं. बॅग आतच फाटून गोळा झाली होती. टाके मात्र सुटले नव्हते.

एकही नाही.

त्याने गाडी विकणाऱ्याला फोन लावला. तो आधी आढेवेढे घेत राहिला. मग म्हणाला, पुढून लागली होती, चालवणारा धडधाकट आहे.

शेजारी कोण होतं, हे विचारायचं होतं. त्याने विचारलं नाही. फोन ठेवला.

संध्याकाळी बहीण आणि मेहुणा आले. त्याने वाकलेलं झाकण दाखवलं. बॅग नवी बसवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, असं बजावलं. आधी ज्याने शिवलं त्याने जाड धागा वापरला होता, एवढंही सांगितलं.

"कोण होता तो मेला?" बहीण म्हणाली. "त्याच्या घरी कोणी बसत नाही वाटतं गाडीत?"

"असेल कोणी," भाऊ म्हणाला.

काळा थर त्याने ते येण्याआधीच कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या पिंपात घातला होता. गाठ खालच्या बाजूला करून.

गाडीतून दोन थापा आल्या...

मेहुण्याने वळून पाहिलं. बहिणीने नाही. ती भावाकडे बघत होती.

मेकॅनिकने नवी बॅग आणि झाकण बसवलं. शेवटी स्वेडच ठरलं. त्याने बारीक धागा दोनदा तपासून घेतला, शिवण घातली, उरलेल्या तुकड्यावर तशीच घालून ओढून पाहिली. झटक्यात तुटली. त्या रात्री, थापा ऐकल्यापासून पहिल्यांदा, त्याला झोप लागली. गाडी गेली.

ही नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट.

काल दुपारी त्याच्या फोनवर बहिणीकडून एक फोटो आला. शेजारच्या सीटवरून काढलेला. स्वेडवर दोन पंजे होते. तिने खाली लिहिलं होतं, कितीही पुसले तरी उमटतात.

पण तो पंजांकडे बघत नव्हता.

पंजांच्या मधून शिवण गेली होती. बारीक करड्या धाग्याने घातलेली शिवण. फोटोत ती जाड होती. काळी. टोकाला तीन वेढे, उजवीकडे दुमडलेले.

लहानपणी बहिणीला बटण लावायला त्यानेच शिकवलं होतं. हीच गाठ घालून.

तिचा दुसरा निरोप लगेच आला.

"दादा, तो तूच होतास ना?"

निरोप वाचल्याची खूण तिच्याकडे गेली आहे. ती रोज त्याच सीटवर बसते. आजची दुपार उलटली, उत्तर अजून गेलेलं नाही.