पंपघरातला लाल पडलेला बल्ब

पंपघरातल्या बल्बच्या होल्डरला दोन वायरी होत्या. एकीच्या टोकाचं तांबं हिरवट पडलं होतं. दुसरीचं अजून चकचकत होतं. ज्ञानदा तिकडे इतका वेळ पाहत राहिली, की दारात उभ्या सदानंदरावांचे पाय भरून आले.

"शंभर वॅटचा आहे," ती म्हणाली.

"बाई, माणूस पंपाला चिकटून गेला. बल्बाचं काय त्यात?"

तिने पंप चालू केला आणि मीटर लावला. पंपाच्या लोखंडावर वीज नव्हती. हात लावून बघा, असं तिने सुचवल्यावर सदानंदरावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. मग तिने स्वतःचाच तळहात पंपावर टेकवला.

निर्मळच्या या केळीच्या वाडीत ईस्टरच्या आधल्या आठवड्यात जॉयल विजेच्या धक्क्याने गेला होता. वाडी दोन भावांची. थोरल्या क्लेमेंटने गावभर सांगितलं, की बॅप्टिस्ट वायरमनच्या गलथान कामामुळे पंपात करंट उतरला. गावाने बॅप्टिस्टला काम देणं बंद केलं. जॉयलच्या बायकोने, ॲनिशाने, त्याच्यावर फिर्याद द्यावी म्हणून क्लेमेंट रोज तिच्या मागे लागे. ती रोज तेच म्हणे, "विचार करून सांगते, दादा." शेवटी तिने वसईला ज्ञानदाला फोन केला. ज्ञानदा पूर्वी कॉलेजात फिजिक्स शिकवायची, आता खासगी तपास करते. बँकेतून निवृत्त झालेले सदानंदराव तिचे मदतनीस.

ॲनिशा फारसं बोलली नाही. नवऱ्याला अंघोळ घालताना जे दिसलं, तेवढं मात्र तिने सांगितलं. त्याच्या तळहातावर एक बारीक काळी रेघ होती, सुतळी आवळल्यासारखी.

बॅप्टिस्ट रागाने धुमसत होता. नाताळाआधी पंपाला अर्थिंग दिलं, त्यानंतर पंपघरात पाऊल ठेवलं नाही, असं तो म्हणाला. "एकदा पंप उघडून बघू द्या म्हणून हात जोडले त्यांच्यापुढे. कुलूप काढलं नाही."

क्लेमेंटने ते नाकारलं नाही. ज्ञानदाला मात्र त्याने ॲनिशाच्या हट्टाखातर कुलूप काढून दिलं होतं. त्याने पाहुण्यांना ओट्यावर बसवलं, चहा मागवला. जॉयल गेला त्या दिवसापासून पंपघराला कुलूप आहे आणि किल्ली आपल्याच खिशात असते, हे त्याने आपणहून सांगितलं. मग चोरांचं गाऱ्हाणं सुरू झालं. तयार झालेले केळीचे लोंगर कापून नेतात, माणसाने राखण तरी किती करायची? सदानंदराव मान डोलवत राहिले. त्यांना त्याची दया आली.

"त्या संध्याकाळी कुठे होता?" ज्ञानदाने विचारलं.

"इथेच, चहा घेत. समोर पंपघरातला दिवा एकाएकी लाल झाला, निखाऱ्यासारखा. म्हटलं, व्होल्टेज गेलं. चहा संपवून गेलो, तर जॉयल पंपाशी पडलेला."

कुंपणापलीकडच्या आल्बिनामावशीनेही तो लाल दिवा पाहिला होता. दोन्ही घरांना एकाच खांबावरून वीज येते. पण व्होल्टेजचं नाव काढताच ती उखडली. "कसलं व्होल्टेज गं बाय? मी सांदणांचं वाटत होते. मिक्सर गरगर फिरत होता. माझा दिवा लख्ख होता."

ज्ञानदाने सगळ्यांना क्लेमेंटच्या ओट्यावर बोलावलं. राग आला की तिचा आवाज चढत नसे, उलट उतरे. आता तो ऐकायला पुढे वाकावं लागत होतं.

"व्होल्टेज पुरेसं होतं. तरी बल्ब लाल होता, म्हणजे त्याच्यातून करंट कमी जात होता. वॅटना व्होल्टने भागलं की करंट मिळतो. शंभर भागिले दोनशे तीस, शून्य पूर्णांक त्रेचाळीस अँपिअर. व्होल्टना करंटने भागलं की रोध. साधारण पाचशे तीस ओहम. घामाने भिजलेल्या माणसाचा रोध हजार धरा. बल्ब आणि माणूस एकामागे एक जोडले, तर पंधराशे तीस. मग करंट उरतो शून्य पूर्णांक पंधरा. नेहमीच्या जेमतेम तिसरा हिस्सा. बल्ब नुसता लाल होतो. माणसाचं हृदय मात्र बंद पडतं."

सदानंदरावांना हिशेब कळायला क्षणभर लागला. मग त्यांनी पुढ्यातला कप दूर सारला.

"म्हणजे बल्ब लाल होता तेव्हा..."

"तेव्हा जॉयल तारेला चिकटलेला होता. रुंद लोखंडाने हातावर बारीक रेघ उठत नाही. ती तारेची आहे. होल्डरची एक बाजू विजेला होती, दुसरीतून तार केळींभोवती फिरवली होती. नंतर ती तार काढून साध्या दिव्यासारखी नवी वायर जोडली. इथल्या खाऱ्या हवेत तांबं चकचकीत राहत नाही, ते अजून चकचकतंय. आणि कुलपाची किल्ली एकाच खिशात होती."

क्लेमेंट उठून उभा राहिला. "मध्ये बल्ब टाकला की नुसता झटका बसतो. डुकरांसाठी सगळेच करतात. कुणी मरत नाही त्याने."

"बल्बामुळे आणखी एक होतं. एरवी तो विझलेला असतो, चोर तारेला लागला की पेटतो आणि ओट्यावर बसून कळतं. तो लाल झाला, तेव्हा कुणीतरी चिकटलंय हे तुम्हाला कळलं होतं. इथेच ओट्याच्या भिंतीला मेन स्विच आहे. तुम्ही चहा संपवलात."

"मला काय माहीत तो जॉयल होता?" क्लेमेंट म्हणाला. "मला वाटलं, चोर आहे."

बॅप्टिस्ट ओट्यावरून उतरून वाडीत थुंकला. आल्बिनामावशीने छातीवर क्रूस काढला. सदानंदरावांना आपल्या डोलावलेल्या मानेची लाज वाटली. पाठोपाठ राग उसळला, इतका, की ओट्याचा कठडा त्यांनी घट्ट धरून ठेवला.

"भावाला उचलून पंपाशी नेलंत," ज्ञानदा म्हणाली, "आणि पाप बॅप्टिस्टच्या माथी मारलंत."

क्लेमेंटने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो ॲनिशाकडे वळला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "ॲनिशा, घरातलं घरात राहू दे. जॉयल काही परत येणार नाही. नीट विचार कर आणि सांग."

ॲनिशा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती सरळ झाली.

"विचार झाला, दादा. फिर्याद देते मी, तुमच्यावर."