नव्या कागदावरचा डाग

मुक्ता दीड वर्षाची असताना तिला घटसर्प झाला होता. घसा बंद होत चालला, तेव्हा मी सिद्धेश्वराला बोलले होते, "पोर वाचव. रोज दिवेलागणीला माझ्या घरातली एकही खोली अंधारी राहणार नाही." मुक्ता वाचली. तेव्हापासून न्हाणीघरातसुद्धा मी पणती ठेवायची.

एकाच खोलीची अडचण होती. सोलापुरात आमचा फोटो स्टुडिओ. पुढे दुकान, मागे घर, आणि मध्ये फोटो धुवायची डार्करूम. तिथे पणती चालत नसे, पण तांबडा बल्ब असायचा. तोच मी दिवा मानायची.

शहात्तर साली ह्यांनी रंगीत फोटो छापायचं मनावर घेतलं. मुंबईहून दोन जातींचे कागद आणले. एक जुन्या वळणाचा, दुसरा नवा, प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत. कोणता बरा ते ठरवायला एकच निगेटिव्ह दोन्हींवर छापायची: पिवळ्या झग्यातली मुक्ता, आता पाच वर्षांची. शेजारच्या चादरींच्या मागांनी भिंत थरथरायची, फोटो हलायचा. म्हणून माग थांबले की काम. दुपारच्या सुट्टीत जुना कागद, संध्याकाळी पाळी बदलताना नवा.

"तांबडा बल्ब काढलाय," हे म्हणाले. "रंगीत कागदाला तोही सोसत नाही."

"मग दिवेलागणीला खोलीत काहीच नाही?"

"मी आहे की. मला ओवाळ."

मीही हसले. कबूल करते, हसले.

पहिल्या दिवशी दोन्ही फोटो दोरीवर वाळत घातले. जुन्यावर मुक्ता छान आली होती. नव्यावर तिच्या खांद्याशी तांबूस डाग. "ह्या कागदात लाल जास्त उतरतोय," म्हणत ह्यांनी फिल्टर बदलले. दुसऱ्या दिवशी नव्या कागदावर बाकी सगळे रंग जमले. डाग मात्र खांद्यावरून गळ्यापाशी सरकला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताचा आवाज बसला.

शेजारच्या केराबाई डोकावल्या. "पोरगी बोलंना व्हय गं? काल तर लई कलकल करत हुती की."

डॉक्टरांनी घसा पाहिला. काही दिसत नाही म्हणाले. दुपारपर्यंत तिला पाणी गिळवेना.

हे कागदांची तुलना करत होते. मी वेळांची करू लागले: दुपारचे फोटो स्वच्छ, डाग दिवेलागणीला छापलेल्यांवरच.

"आज संध्याकाळी छापू नका," मी म्हटलं.

"एकदाच. दोष कागदाचाच आहे, दाखवतो तुला. उगीच मनाला लावून घेऊ नकोस."

सहाला माग थांबले. दिवसभराची खडखड अचानक गेली, की कान बधिर झाल्यासारखे होतात. माझ्या मांडीवर मुक्ताचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. डार्करूमच्या दारातून औषधांचा आंबूस वास येत होता... आणि आत पाण्यात कुणीतरी सावकाश हात फिरवत होतं.

"अहो..."

"येऊ नकोस. कागद ट्रेमध्ये आहे."

आवाज ह्यांचाच. पण तो दारालगतून आला. आणि पाणी खोलीच्या पलीकडच्या टोकाला हलत होतं.

मुक्ताला सतरंजीवर ठेवलं, देवापुढचं निरांजन उचललं आणि दार ढकललं.

हे दाराशीच उभे, दोन्ही हात डोळ्यांवर घेतलेले. "काय केलंस हे..."

ट्रे समोरच्या भिंतीजवळ होता. त्या कागदाला उजेड लागला की तो काळा पडतो; माझ्या डोळ्यांदेखत पडत गेला. मुक्ताचा झगा, हात, चेहरा... सगळं काळ्यात बुडालं. मधोमध एक पंजा तेवढा पांढरा राहिला. तिथे उजेड पोचलाच नव्हता. मला दिसला नाही, पण कागदावर कुणाचातरी हात होता. मनगटाशी बांगड्यांच्या बारीक रेघा उमटल्या होत्या.

मागून मुक्ताने हाक मारली, "आई, पाणी."

ती घटाघटा पाणी प्यायली. मी रडत होते. हे खाली वाकून फरशी पाहत होते.

ट्रेपासून ओले ठसे निघाले होते. ते ह्यांच्या बाजूने, मी उभी होते तिथून, दुकानातून थेट रस्त्यापर्यंत गेले होते. माझं निरांजन जळत असताना ती माझ्या अंगाला घासून गेली, आणि मला कळलंही नाही.

रंगीत कागद ह्यांनी त्याच आठवड्यात विकून टाकले. मुक्ता आता चांगली मोठी झाली, देवाची कृपा. पण ती बाई आमच्या घरातून निघाली, म्हणजे कुठेतरी गेलीच असेल ना? म्हणून हात जोडून सांगते. तुमच्या घरात लेकरू असेल, तर दिवेलागणीला एवढं करा... एकही खोली अंधारी ठेवू नका.