हाक केतकीलाच का आली

“आमचे गुट्टे सर तिथेच उभे होते. तरी तुमच्या यंत्रानं त्यांना सोडून मला का हाक मारली?”

प्रश्न विचारून केतकी बिराजदार खाली बसली. मागच्या रांगेत समीना आणि ज्योत्स्नाने तोंडावर ओढण्या दाबल्या. ही प्रयोगशाळा बघायला येताना शाळेच्या बसमध्ये पैज लागली होती ती हीच. “सरांच्या देखत विचारलंस, तर तू खरी,” समीना म्हणाली होती. सर शेजारच्याच खुर्चीत होते. त्यांनी गळ्यातली शिट्टी उगाच सरळ केली.

महिन्यापूर्वीची केतकी असती तर प्रयोगशाळा म्हटल्यावर बसमधून उतरलीच नसती. बेडकाचं चित्र काढतानासुद्धा जिला घेरी यायची, ती ही मुलगी. पण मध्ये एक दुपार घडून गेली होती.

कर्णिका आता कुणाच्या कानात नसते? डाळीएवढं यंत्र, शाळेतल्या पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे घालतात. रस्त्यावर धडक झाली, की ‘हाक’ नावाची यंत्रणा आसपासच्या माणसांतून एकाला निवडते, कर्णिकेतून त्याच्या नावाने बोलते आणि मदत कशी करायची ते सांगत राहते. त्या दुपारी लातूरच्या वळणरस्त्यावर, रसवंतीच्या समोर, एका टेम्पोने स्कूटी उडवली. रसवंतीवर चांगली वीस-पंचवीस माणसं होती, त्यात समीना आणि ज्योत्स्नापण. दंड थोपटून कबड्डी शिकवणारे गुट्टे सर होते. आणि हाक आली ती केतकीला. “केतकी, पुढे जा. मांडीच्या जखमेवर कापड ठेव. दाबून धर, सोडू नकोस.” तिने ओढणी दाबून धरली ती रुग्णवाहिका येईपर्यंत. स्कूटीवरच्या शकुंतलाबाई आता काठी घेऊन चालतात, पण चालतात.

तेव्हापासून केतकी मान ताठ ठेवून चालायची. एवढ्या मोठ्या यंत्राने पंचवीस जणांतून आपल्याला हेरलं म्हटल्यावर कोण चालणार नाही?

पप्पांना मात्र हे मुळीच रुचलं नव्हतं. “आज स्कूटी होती, उद्या घाटात ट्रक असेल. यंत्राला काय, लेक माझी जाईल.” अठराच्या आतल्यांचं नाव हाकेतून काढायचा हक्क आईवडिलांना होता, आणि पप्पा आज संध्याकाळी ते काढणार होते. म्हणून पैजेपुरतंच नाही, केतकीला स्वतःलाच त्या उत्तराची गरज होती. हिच्यात यंत्राला काहीतरी दिसलं, एवढं एका शास्त्रज्ञाच्या तोंडून ऐकलं, की घरी भांडायला बळ येणार होतं.

हाकेच्या प्रमुख डॉक्टर देवणीकर चष्मा पुसत राहिल्या. मग त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या अभियंता फुलारींकडे पाहिलं.

“सांगायचं का?”

“मी तर पहिल्या दिवसापासून म्हणतोय, सांगा,” फुलारी म्हणाले.

“बरं. अपघाताभोवती पन्नास माणसं जमली, की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे एकोणपन्नास बघून घेतील,” देवणीकर बाई मुलांकडे वळल्या. “जबाबदारीचे पन्नास तुकडे होतात आणि कुणाच्याच हाती काही येत नाही. म्हणून आम्ही म्हटलं, एकाचंच नाव घ्यायचं. सगळा भार त्याच्यावर.”

“आणि नाव कुणाचं, तर जवळच्या डॉक्टरचं, नाहीतर धडधाकट माणसाचं,” फुलारी हसले. “पहिल्या चाचणीत लोकांनी काय केलं असेल? कर्णिका काढून खिशात टाकली आणि चालायला लागले.”

“मग?” ज्योत्स्नाच्या तोंडून निघून गेलं.

“मग कळलं,” फुलारी म्हणाले, “की नुसतं नाव घेतल्यानं माणसाचे पाय सुटत नाहीत. पण ज्याचे पाय आधीच सुटलेत, त्याचं नाव घेतलं, तर त्याचे हात थरथरत नाहीत. कर्णिकेत गतिसंवेदक आहे. धडक झाली की बहुतेक लोक जागच्या जागी थिजतात, काही मागे सरतात. जो धडकेच्या दिशेनं निघतो, त्यालाच हाक जाते. उभ्या माणसाला आमचं यंत्र हाक मारतच नाही.”

“हे आम्ही जाहीर केलं नव्हतं,” देवणीकर बाईंचा आवाज उतरला. “मला वाटलं, आपलं नाव यावं म्हणून लोक धावत सुटतील, चेंगराचेंगरी होईल. झालं उलटंच. अपघात तेवढेच आहेत, हाका मात्र कमी व्हायला लागल्यात. लोक यंत्राची वाट बघत उभे राहतात आणि यंत्र लोकांची.”

गुट्टे सरांनी शिट्टी मुठीत धरली होती.

“खरं आहे,” ते म्हणाले. “मी कानावर हात ठेवून उभा होतो. म्हटलं, खेळाचा शिक्षक आहे, माझंच नाव येणार.”

कुणीही हसलं नाही. पैज लावणारी समीनासुद्धा नाही.

केतकीला मात्र हे पटेना. आपल्यात काहीतरी आहे, ते यंत्राने पाहिलं, ही महिनाभर जपलेली गोष्ट हातातून निसटत होती. “पण बाई, मीपण उभीच होते. रसाचा ग्लास होता हातात. आधी हाक आली, मग मी निघाले. मला नीट आठवतंय.”

“अगं, मग चप्पल?” मागून समीना म्हणाली.

“चप्पल काय?”

“तुझी चप्पल. रसवंतीच्या पायरीशी एक पडली होती, मीच उचलून आणली. त्यावरून तुला इतकं चिडवलं आम्ही. हाक आली तेव्हा पायात होती का?”

केतकीने डोळे मिटले. कानात तिचं नाव उमटलं तो क्षण तिने पुन्हा आठवला. “केतकी, पुढे जा.” आणि त्याच क्षणी उजव्या तळव्याला बसलेला चटका. एप्रिलातलं तापलेलं डांबर. हाक आली तेव्हा पाय भाजत होता. म्हणजे पाय उघडा होता, म्हणजे चप्पल मागे राहिली होती, म्हणजे ती रस्त्याच्या मधोमध होती.

ग्लास कधी टाकला, ते तिला आजही आठवत नव्हतं.

“यंत्राला तुझ्यात काहीच दिसलं नाही, बाळा,” देवणीकर बाई हळूच म्हणाल्या. “त्याला एवढंच कळलं, की कुणीतरी निघालंय. निवड तुझी होती. यंत्र तुझ्या मागून आलं.”

संध्याकाळी केतकी घरी पोचली तेव्हा पप्पा फोन पुढ्यात घेऊनच बसले होते. पडद्यावर तिचं नाव होतं आणि त्याखाली ‘काढा’.

“काय म्हणाले तुमचे शास्त्रज्ञ? काय दिसलं म्हणे तुझ्यात?”

“काही नाही. नुसते पाय दिसले.”

तिने चटक्यापर्यंतचं सगळं सांगितलं. आईच्या हातातली कोथिंबीर निवडायची राहून गेली.

“म्हणजे हाक नसती आली, तरी तू गेली असतीस?”

“गेलेच होते, आई.”

पप्पांचं बोट पडद्यावर तसंच अधांतरी राहिलं. मुलीच्या आधी यंत्र असतं, तर यंत्र थांबवता आलं असतं. इथे थांबवायला काहीच नव्हतं.

“पप्पा, काढायचं तर काढा नाव. मी रडणार नाही,” केतकी म्हणाली. “पण त्यानं माझे पाय थांबायचे नाहीत. तिथे पोचल्यावर काय करायचं, तेवढं सांगणारं कुणी नसेल. म्हणून मी ठरवलंय. रविवारपासून प्रथमोपचाराच्या वर्गाला जाणार आहे. गुट्टे सरपण येतायत. आणि मला पट्ट्याचे सँडल घ्यायचेत. चपला मागे राहतात.”