आईच्या हातचा घास

मी दुपारचं जेवत का नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

त्या दुपारी लोहाऱ्यातल्या भाड्याच्या खोलीत मी एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला हुक लावत होते. नवरा, श्रीशैल, कामावर गेला होता. तो आमच्या जातीतला नाही, म्हणून भावकीनं जळकोटच्या माझ्या माहेराला वाळीत टाकलं होतं. धाकट्या भावाला, बालाजीला, कुणी मुलगी देईना. मी पळाले त्या पहाटे आईनंच मागच्या दाराची कडी काढून दिली होती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे उलटले तरी आई माझी, या भरवशावर मी निर्धास्त होते.

लाइट गेली. पंखा थांबला आणि खोलीत उदबत्तीचा वास यायला लागला. मग कानाशी, अगदी हळू...

"करिश्मा, रुसू नगं माय. एवढा घास खा..."

लहानपणी मी रुसून उपाशी बसले की आई असंच म्हणायची. भरवायची आणि पदरानं माझे ओठ पुसायची. सुई हातातच राहिली. मी तोंड उघडलं. जिभेवर गार, अळणी भात आला आणि मी तो गिळला.

दुसऱ्या दिवशी दैवशाला मामी आली. उंबऱ्याबाहेरच बसली. पाणी दिलं, तर तांब्याला हात लावला नाही.

"काल तुझा दहावा घातला," ती म्हणाली. "त्याबिगर जातीत घेत न्हवते. बालाजीचं लगीन अडलंय."

"जित्या माणसाचा दहावा, मामी?"

"कावळा शिवंना. तुझ्या बापानं इनवलं, बालाजीनं हात जोडले. दुपार कलली. बायामाणसं तिथं न्हेत न्हाईत, पर शेवटी पंचांनीच तुझ्या आईला बोलावलं. ती पिंडापशी बसून कायतरी पुटपुटली, अन्..." मामीनं मान खाली घातली. "कावळ्यानं झडपच घातली बघ."

घराच्या अब्रूसाठी मला मारायचं पुरुषांनी ठरवलं, पण ते त्यांना जमलं नाही. ते आईला जमलं. मी कुठल्या हाकेला ओ देते, हे तिलाच माहीत होतं. बापाचा मला नुसता राग येतो. आईचं तसं नाही, तिनं दिलेलं मी माझ्या तोंडानं खाल्लं.

बालाजीचं लग्न झालं म्हणे. ती हाक अजून रोज दुपारी येते. मी दात आवळून बसते. तरी नंतर चूळ भरली की पाण्यात काळे तीळ पडतात. आणि ओठ... ते कुणीतरी आधीच पुसलेले असतात.