सफियाचा डावा डोळा

भिवंडीतल्या निजामपुऱ्याच्या गल्लीत मान वर करून कुणी चालत नाही. पायाखाली खड्डे, समोरून रिक्षा, बाजूनं कापडाचे तागे लादलेल्या हातगाड्या... वर बघायला फुरसत कुणाला? पण सफिया बघायची. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटातूनही आभाळातली ती ओळखीची फडफड तिला बरोबर ऐकू यायची, आणि मान आपोआप वर जायची.

त्या सकाळीही गेली. थंडीतलं दुधाळ आभाळ, विजेच्या तारांचं जाळं, आणि त्याच्यापलीकडे संथ पाण्यातून मासा सरकावा तसं सरकणारं एक हेलिकॉप्टर... आणि नेमकी तेव्हाच कारखान्याच्या खिडकीतून उडालेली रुई तिच्या डाव्या डोळ्यात गेली.

"या अल्लाह!"

डोळा दाबून ती चाचपडत समोरच्या दारात शिरली. दुकान होतं. ताज्या रंगाचा वास येत होता.

"बसा, बसा. चोळू नका. वर बघा जरा."

"वर बघत होते, म्हणून तर गेलं!"

समोरचा हसला असावा. एका डोळ्यातून पाणी वाहत होतं, दुसरा तिनं त्याच्या साथीनं मिटून घेतला होता, त्यामुळे दिसत काही नव्हतं. हनुवटीखाली दोन बोटं टेकली — अगदी हलकी, परवानगी मागितल्यासारखी. थंड पाण्याचे थेंब पडले. वेलचीच्या चहाचा मंद वास जवळ आला... आणि दूर गेला.

"निघालं. उघडा."

तिनं डोळे उघडले, आणि त्याच क्षणी वीज गेली. सगळे लूम एकदम थांबले. भिवंडीत अशी शांतता उतरली, की माणसाला स्वतःचा श्वास मोठा वाटायला लागतो. त्या शांततेत समोर एक सावळा, उंच मुलगा उभा होता. बोटाच्या टोकावर रुईचा कण धरून तो तिच्याकडे बघत होता, आणि कपाटांतले शेकडो चष्मेही.

"असं काय होतं वर?" त्यानं विचारलं.

"हेलिकॉप्टर. दोन इंजिनांचं."

"दिसलं एवढं?"

"ऐकू आलं." लोक पुढचं ऐकून हसतात, हे तिला पाठ झालं होतं. "मी पायलट आहे. पोलिसांच्या हवाई पथकात जायचंय. मुलाखत झालीय, निकाल यायचाय."

तो हसला नाही. रुईचा कण फुंकरीनं उडवत म्हणाला, "मग... वरून आपली भिवंडी कशी दिसते हो?"

आजवर तिला सगळ्यांनी 'भीती नाही का वाटत?' विचारलं होतं. 'लग्नाचं काय?' विचारलं होतं. हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता.

"अजून नाही पाहिली," ती हळूच म्हणाली. "पण दापोड्याच्या गोदामांची ती निळी छपरं आहेत ना... वरून समुद्रच वाटत असेल."

त्याचं नाव मुआज. डोळे तपासण्याचं शिक्षण घेऊन त्यानं नुकतंच इथं दुकान टाकलं होतं.

त्यानंतर सफियाच्या अब्बांच्या चष्म्याचा स्क्रू वरचेवर ढिला व्हायला लागला. सत्तारभाई लूमवाले, आयुष्यभर एकच चष्मा वापरलेला माणूस. ते चक्रावून गेले. "काय गो पोरी, हा चष्मा हाय की खेळणं?"

"जुना झालाय, अब्बा. मी आणते ना घट्ट करून."

आणि मुआज तो स्क्रू इतक्या सावकाश पिळायचा, की तेवढ्यात चहा यायचा, गार व्हायचा, दुसरा मागवला जायचा.

एकदा त्यानं विचारलं, "पण पोलिसांचंच का? मोठ्या कंपन्यांचीही असतात ना हेलिकॉप्टरं?"

तिनं कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. "लहान होते. फुफूकडे, अब्बांच्या बहिणीकडे गेले होते, खाडीच्या काठाला. पूर आला. दिवसभर आम्ही छपरावर... खाली सगळं तपकिरी पाणी. मग ते आलं. वर्दीतला एक माणूस दोरावरून खाली उतरला आणि मला काखोटीला मारून वर घेऊन गेला. सगळे म्हणतात, तू घाबरली असशील. मी कुठली घाबरते? मला परत खालीच यायचं नव्हतं!"

मुआज तिच्याकडे बघत राहिला. स्क्रू केव्हाच घट्ट झाला होता.

निकाल लागला. सफियाची निवड झाली. आता फक्त वैद्यकीय तपासणी उरली होती. ती उड्या मारतच दुकानात आली. "तुम्हीच तपासा आधी. गेल्या वर्षी लख्ख होते डोळे!"

आतल्या खोलीत त्यानं दिवे घालवले. भिंतीवर अक्षरं उजळली. उजव्या डोळ्यानं ती शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचत गेली. मग त्यानं उजवा डोळा झाकला... आणि अक्षरांना हळूहळू धुकं लागलं.

"ई... नाही, एफ... थांबा हं..."

त्यानं एकेक भिंग लावून पाहिलं.

"नंबर आलाय," शेवटी तो म्हणाला. "डाव्याला. थोडाच आहे."

अंधारात तिनं त्याची बाही धरली.

"मुआज... मला ही अक्षरं पाठ करायचीत. तिथं असाच तक्ता असतो. तुम्हाला ठाऊक असेल कुठला."

"सफिया —"

"इतक्या वर्षांचं आहे हे माझं! चष्म्यासाठी परत पाठवलं तर?"

"चष्मा चालतो. मी माझ्या सरांना विचारून खात्री करून घेतो. पण अक्षरं..." त्यानं बाही सोडवली नाही, आवाजही चढवला नाही. "ते मी नाही करणार. उद्या कुणीतरी छपरावर बसलेलं असेल आणि ते तुम्हाला दिसायला हवं असेल."

ती ताडकन उठली. दारातल्या उन्हानं डोळे दिपले, की भरून आले, तिचं तिलाच कळलं नाही.

मग कित्येक दिवस सत्तारभाईंचा चष्मा ठणठणीत राहिला.

संक्रांतीच्या सुमाराला भिवंडीची गच्ची न् गच्ची पतंगांनी गजबजते. सफिया आपल्या गच्चीवर एकटीच उभी होती. तिनं उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. जवळचे पतंग स्पष्ट होते. लांबचे नुसते रंगाचे ठिपके झाले होते, थरथरणारे, कडा विरघळलेले. त्यातला एक ठिपका लाल होता. त्या पुराच्या दिवशी तिच्या अंगात लाल फ्रॉक होता... एवढ्या पाण्यात तो ठिपका कुणाला तरी दिसला होता. नीट दिसला होता.

तिनं हात खाली घेतला आणि जिना उतरली.

मुआज दुकानात होता. तिला बघून उभा राहिला, पुन्हा बसला, पुन्हा उभा राहिला.

"चष्मा करायचाय," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

त्यानं खणातून दोन डब्या काढून काउंटरवर ठेवल्या. दोन्हींत पातळ सोनेरी काडीचे, अगदी सारखे चष्मे.

"दोन?"

"सरांनी सांगितलं. चष्मा चालतो, पण पायलटजवळ दोन लागतात. एक नाकावर, एक खिशात."

"आणि मी आलेच नसते तर?"

"तर... दोन चष्मे आणि एक दुकानदार, तिघं वाट बघत बसले असते."

तिनं हसू दाबायचा फार प्रयत्न केला. मग चष्मा डोळ्यांना लावून त्याच्याकडे पाहिलं. डाव्या भुवईखाली त्याला एक बारीकसा तीळ होता. इतक्या चहांमध्ये तिच्या नजरेतून तो निसटलाच होता.

"काय बघताय?" त्यानं विचारलं.

"नंबर बरोबर आहे," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

तपासणी पार पडली. डॉक्टरांनी चष्मा मागितला, दुसरा आहे का विचारलं, आणि शिक्का मारला. नेमणूक लांबची होती. जंगलाचा, नद्यांचा मुलूख. पेढे वाटून झाले, बॅगा भरायला निघाल्या. पण दुकानातला चहा मात्र आता दोघांपुढे तसाच पडून राहायचा. मुआज काही बोलायचा नाही, आणि तिलाही पुढाकार घेववेना. न बोललेलं सगळं काउंटरवर त्या कपांसारखं गार होत राहिलं.

निघायच्या आदल्या रविवारी मुआजची अम्मी रिश्ता घेऊन घरी आली. मागे मुआज होता, इस्त्रीच्या कुर्त्यात अवघडलेला. सफियाला कुणी काही सांगितलं नव्हतं. ती बॅगेतला गणवेश हातात घेऊन तशीच बैठकीच्या दारात उभी राहिली.

"पोरगी माशाअल्लाह चांगली हाय," अम्मी सत्तारभाईंना म्हणाली. "पण एक इचारते, राग मानू नका. लगीन झाल्यावर ही उडणार न्हाय ना?"

सत्तारभाईंनी पंख्याकडे बघितलं.

"उडणार, अम्मी," मुआज म्हणाला. नजर सरळ सफियाकडे. "ती उडणार. आणि जिथं तिची ड्युटी, तिथं मी दुकान टाकणार. डोळे काय... सगळ्या गावांत असतात."

"अरे, आणि हे नवं दुकान?"

"हे चुलतभावाला देतो. मी बोललोय त्याच्याशी." मग सगळ्यांसमोर, जणू खोलीत दुसरं कुणी नाहीच, अशा सुरात म्हणाला, "सफिया, तुमची मर्जी असेल तरच. नसेल तर... तरीही चष्म्याचं काही लागलं तर मला कळवा."

अम्मीनं कपाळावर हात मारला. सत्तारभाईंना खोकला आला, आणि त्या खोकल्यात थोडं हसू होतं.

सफियानं गणवेश छातीशी धरला. वडीलधारी बसली होती. खाली बघावं, आत पळावं, 'अब्बा म्हणतील तसं' म्हणावं, हीच रीत. तिनं मान वर केली.

"मुआज," ती म्हणाली, "तिथं पाऊस फार असतो. जमेल ना तुला?"

तुला!

अम्मीची भुवई वर गेली. सत्तारभाईंनी चष्मा काढून सावकाश पुसायला घेतला. आणि मुआज... जे ऐकलं ते पुन्हा एकदा ऐकावं, म्हणून अगदी भोळेपणानं म्हणाला,

"काय म्हणालीस?"